घरबसल्या, पण कुणाच्या जिवावर?

मुरबाडच्या एसटी स्टँडपासून शहापूरच्या बाजारपेठेपर्यंत, विजेच्या खांबावर, झेरॉक्सच्या दुकानात, बचतगटाच्या मेळाव्यातल्या बॅनरवर एकच वाक्य आम्हाला सारखं भेटतं : ‘महिलांनो, घरबसल्या कमवा.’ शिवणक्लासवाले हे सांगतात, पापड-मसाल्याचं प्रशिक्षण देणारे सांगतात, आणि आमच्या जमातीतले बुजुर्गही हल्ली मान डोलावून सांगू लागलेत. बाई घराबाहेर पडायला नको, पर्दा राहतो, पोरं सांभाळली जातात आणि वर चार पैसे येतात. एवढा सोयीचा धंदा असताना पुरुषमंडळी उगाच भिवंडी-कल्याणपर्यंत धक्के खात का जातात, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

ज्या बाईच्या कडेवर दीड वर्षाचं पोर आहे आणि ते पोर दर महिन्या-दीड महिन्याला तापाने फणफणतं, ती बाई घरात असते, पण बसलेली नसते. गिऱ्हाइकाला आणि पोराला ती एकाच वेळी हवी असते. यात कुणाला सोय दिसत असेल तर त्याने एक दिवस शिलाई मशीनवर बसून ब्लाऊजची बाही जोडावी आणि मांडीवर ओकणारं पोर घ्यावं. मग आमच्याशी वाद घालायला यावं.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. झाल्यापासून नोकरी लागेपर्यंतची वर्षं आमच्यापैकी बहुतेकींनी घरी शिकवण्या घेतल्या, कुणी फॉल-पिको केलं, कुणी रमजानात शेवया करून विकल्या. आज आमच्याकडे हजेरीपट आहे, पगार आहे, रजेचा अर्ज आहे. दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत, म्हणून हे लिहिण्याचा हक्क आम्ही घेतो.

आधी साधा हिशेब करू. बालरोगतज्ज्ञ सांगतात की लहान वयातलं धडधाकट मूलसुद्धा वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकल्याने आजारी पडतं. त्यात कुणाचा गुन्हा नाही, शरीर रोगांशी ओळख करून घेत असतं. एका आजारपणाचे चार दिवस धरले तर वर्षाचे चोवीस ते बत्तीस दिवस होतात. जुलाब, कांजिण्या, लस टोचल्यानंतरचा ताप यात धरलेला नाही. म्हणजे वर्षातला जवळपास एक अख्खा महिना पोराच्या उशाशी जातो, आणि तो महिना सलग येत नाही. तो चार-चार दिवसांनी, न सांगता, नेमक्या ऑर्डरच्या आदल्या रात्री येतो.

आणि हा हिशेब धडधाकट पोराचा झाला. आमच्या भागातली पोरं सगळी धडधाकट कुठून असणार? तानसाचं धरण १८९२ सालचं. पुढे मोडकसागर झालं, भातसा झालं. मुंबईची तहान शहापूर तालुका भागवतो आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया टँकरची वाट बघत उभ्या असतात. आलेलं पाणी पिंपात भरायचं, ते चार दिवस पुरवायचं, त्याच पिंपात पेला बुडवायचा. पोराला जुलाब लागले की सासू विचारते, ‘काय खाऊ घातलंस?’ गॅसची शेगडी घरात असते, पण टाकी भरायला पैसे नसतात, म्हणून चूल पेटते आणि धूर त्याच खोलीत कोंडतो जिथे पोर झोपलेलं आहे. आजारी पोर खात नाही, न खाल्लेलं पोर वजनाने उतरतं, उतरलेलं पोर पुन्हा लवकर आजारी पडतं. या फेऱ्याला आमच्याकडे ‘नजर लागली’ म्हणतात. नजर उतरवायला मिरच्या-मीठ पुरतं, पाणी आणि गॅस मागायला मात्र कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. बहुतेक म्हणूनच नजरेवर विश्वास टिकून आहे.

धंद्याला हे काही सांगून उपयोग नसतो. ईदचे कपडे ईदच्या आधीच लागतात. लग्नाच्या हंगामात एक नवरीचा शरारा वेळेवर गेला नाही तर त्या मोहल्ल्यातली पुढची तीन लग्नं दुसऱ्या शिंपिणीकडे जातात. सुक्या मासळीची पाटी पावसाच्या तोंडावर खपली नाही तर ती दमट होऊन वाया जाते. शिकवणीची पोरं दोन दिवस परत पाठवली की तिसऱ्या दिवशी त्यांचे अब्बा दुसरीकडे नाव घालतात. कारखान्यातल्या कामगाराचा खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईचा खाडा झाला तर गिऱ्हाईक बुडतं, आणि ते नुसता ताप उतरल्याने परत येत नाही.

हे फक्त आमच्या मोहल्ल्यात घडतं असंही नाही. सिद्धगडाच्या पायथ्याला नारिवली-बोरवाडीकडच्या भागातून ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया बाजाराला येतात. पहिल्या पावसानंतर शेवळं, मग करटोली, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. आज खुडलेलं आज विकायचं, उद्या त्याला कुणी हात लावत नाही. ती बाई पाठीला पोर बांधून येते. पोराच्या अंगात ताप असेल तरी येते, कारण घरी ठेवलं तर बघणारं कुणी नाही आणि दवाखान्याचे पैसे त्याच पाटीतून निघायचे आहेत. सरकारी दप्तरात ही बाई आणि आमच्या मोहल्ल्यातली शिंपीण एकाच रकान्यात येतात : ‘स्वयंरोजगारित’. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत देशातल्या कामकरी स्त्रियांपैकी सुमारे ६७ टक्के या रकान्यात होत्या. आमच्या समाजापुरतं बोलायचं तर सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलं की मुस्लिम कामकरी स्त्रियांपैकी ७० टक्के स्वतःच्या घरातच काम करतात. सर्व समाजांचं मिळून हेच प्रमाण ५१ टक्के होतं. त्या अहवालावर आमच्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले. त्यातल्या कोणत्याही परिसंवादात कुणी उठून विचारलेलं आम्ही ऐकलं नाही की या सत्तर टक्के बायांची रांगती पोरं त्या वेळी कुठे असतात.

दवाखान्यात काय होतं तेही सांगायला हवं, कारण तिथे या घाईची किंमत पोर चुकतं करतं. विषाणूच्या सर्दीला औषध नसतं. आराम, पाणी, अंगावरचं दूध आणि तीन-चार दिवस एवढंच लागतं. पण तीन-चार दिवसच तर आईजवळ नाहीत. ती म्हणते, ‘डॉक्टरसाहेब, सुई मारा, परवा माल द्यायचाय.’ मग सुई मिळते, गरज नसलेलं अँटिबायोटिक मिळतं, खोकल्याची बाटली मिळते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालकं दगावली, तेव्हा कुठे केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची ही औषधं देऊ नयेत. सूचना बरोबर आहे. पण बाटलीऐवजी जे तीन दिवस हवेत ते कुठून आणायचे, हे त्या सूचनेत नाही. उलटही घडतं. एक ते पाच वर्षांच्या पोराचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, तर ते साधी सर्दी नसून न्यूमोनिया असू शकतं आणि त्याला तडक दवाखान्यात न्यायला हवं. आशाताई हे समजावून सांगतात. ते श्वास मोजायला पोराजवळ एक मिनिट शांत बसावं लागतं, आणि पुढे तालुक्याच्या गावाला जायचं तर एसटीच्या वेळा बघाव्या लागतात, अख्खा दिवस मोडावा लागतो. ‘आजचा दिवस बघू’ असं म्हणणारी आई निष्काळजी नसते. तिने हिशेब केलेला असतो आणि तो हिशेब तिच्यावर लादलेला असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हेच आलं. चांगली गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही चांगलीच. पण आस्थापना म्हणजे काय? खाटेखाली कापडाचे गठ्ठे, खिडकीला लावलेली शिलाई मशीन आणि दाराला अडवून ठेवलेला पाट, पोर बाहेर जाऊ नये म्हणून. ही आस्थापना नव्हे. तिथे मालकही तीच आणि कामगारही तीच, त्यामुळे रजा देणारं कुणी नाही. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली एक करार, क्रमांक १७७, तयार केला. तो मुख्यतः दुसऱ्याचा माल घरी करून देणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्या देशाने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

अंगणवाडीचं नाव लगेच पुढे केलं जाईल. अंगणवाडीबद्दल आम्हाला आदर आहे, सेविकांच्या तुटपुंज्या मानधनाबद्दल रागही आहे. पण अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही काही तास. तीन वर्षांच्या आतल्या पोराचं तिथे वजन होतं आणि त्याच्या नावाची पोषण आहाराची पाकिटं घरी येतात. पोर मात्र घरीच राहतं. म्हणजे ज्या वयात ते सर्वांत जास्त आजारी पडतं, सर्वांत जास्त धडपडतं, नेमकं त्याच वयात त्याला ठेवायला जागा नाही. केंद्राची पाळणाघर योजना २००६ पासून नावं बदलत आली, २०२२ मध्ये तिचं नाव ‘पालना’ झालं आणि १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं उद्दिष्ट ठरलं. देशात अंगणवाड्या आहेत जवळपास चौदा लाख. ऐंशीत एक! २००५ च्या रोजगार हमी कायद्यातसुद्धा कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई मजुरीवर ठेवायची तरतूद होती. आमच्या भागातल्या कामांवर अशी बाई आम्ही कधी पाहिली नाही.

मग पोर सांभाळतं कोण? याचं उत्तर सरकारी पाहणीत सापडत नाही, आमच्या हजेरीपटात सापडतं. पाचवी ते सातवीच्या मुलींची वर्षभराची हजेरी कुणीही आमच्याजवळ बसून चाळावी. एक मुलगी सोमवारपासून बुधवारपर्यंत गैरहजर. पंधरा दिवसांनी पुन्हा चार दिवस. ईदच्या आधी सलग आठवडा. विचारलं की खाली बघून म्हणते, ‘टीचर, मुन्न्याला ताप होता, अम्मीकडे ऑर्डर होती.’ तिचा सख्खा भाऊ त्याच शाळेत, त्याची हजेरी पूर्ण. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षं ‘घरकाम’ लिहितो आणि पान उलटतं. अपूर्णांक शिकवले त्या दिवशी ती नव्हती, म्हणून दशांशाला ती अडते, म्हणून टक्केवारीला अडते, आणि आठवीत आल्यावर तिचे अब्बा म्हणतात की हिचं डोकं चालत नाही, हिला शिवण शिकवा. शिवण शिकून तीही घरबसल्या कमवू लागते. पाच-सहा वर्षांनी तिच्याही कडेवर पोर असतं. ‘घरबसल्या’ची खरी किंमत ही पोरगी भरते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

ही गोष्ट आम्हीच पहिल्यांदा पाहिली असा आमचा दावा नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरमध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला कामाला सुरुवात केली, पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम गेलं. आदिवासी पोरी शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं असतं, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. ‘अंगणवाडी’ ही कल्पनाही तिथलीच. देशाने त्यातली बालवाडी उचलली, पाळणाघर तिथेच सोडलं. अहमदाबादला इला भट्ट यांच्या ‘सेवा’ने कष्टकरी बायांसाठी हेच पुन्हा उभं केलं, छत्तीसगडात गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगाने गावोगाव फुलवाऱ्या काढल्या, सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांसाठी. तेव्हा हे शक्य नाही असं आम्हाला कुणी सांगू नये.

आणि आमच्याच डोंगराची आठवण द्यायची तर दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर गर्दी होते. १९४३ साली त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे गोळ्यांना बळी पडले. भाषणांत आझाद दस्ता येतो, तोडलेले विजेचे मनोरे येतात. पण माथेरानच्या एका नाभिक घरातल्या या वकिलाने त्याआधी आणखी एक काम केलं होतं, ते भाषणात घाईने उरकलं जातं. सावकाराच्या तावडीतून कुळांना सोडवण्यासाठी त्यांनी धान्याची पेढी काढली. पावसाळ्यात घरातलं धान्य संपणं हे एकेका घराचं नशीब नसून सगळ्यांचा प्रश्न आहे, म्हणून कोठारही सगळ्यांचं हवं, एवढा तो विचार होता. पोराचा ताप हा मात्र अजून एकेका आईचं नशीब आहे.

आक्षेप आम्हाला पाठ आहेत. पहिला : ‘घरात दादी आहे ना!’ दादी असते, पण ती लावणीला जाते, बकऱ्या बघते, तिचे गुडघे गेलेत, किंवा ती गावी आणि सून शहापुरात एका खोलीत. दुसरा आक्षेप बापाचा : ‘तू तर घरीच असतेस.’ २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालते, घरकाम करणारा पुरुष ९७. मुला-माणसांची निगा राखण्यात ती १३४, तो ७६. आणि हे आकडे जे करतात त्यांचे आहेत. न करणारे पुरुष यात धरलेलेच नाहीत.

तिसरा आक्षेप दीनचा. पोर परक्या हाती देणं आपल्यात बसत नाही म्हणे. पैगंबरांचं (स.) लहानपण हलीमा दाईच्या घरी गेलं हे मदरशातलं पोरही सांगेल. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूधपित्या मुलाच्या आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, मुलापायी आईला त्रास होऊ नये असं बजावलं आहे, दाई ठेवायची मुभाही दिली आहे. मागच्या सफेत मूल रडलं तर पैगंबर नमाज आटोपती घेत, आईच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून. नमाज आटोपती घेता येते, आणि आमच्या बिरादरीला ब्लाऊजची तारीख दोन दिवस पुढे ढकलता येत नाही! हजरत खदीजांच्या तिजारतीचे दाखले बायांना देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्या तिजारतीला माणसं होती, नोकर होते, भांडवल होतं. एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात कात्री असं चित्र तिथे नाही.

चौथा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पाळणाघरात पोरं एकमेकांचे आजार घेतात, सुरुवातीचे काही महिने तर जास्तच. आणि तापलेलं पोर पाळणाघरात पाठवायचंही नसतं. म्हणजे पाळणाघराने बऱ्या दिवसांचा प्रश्न सुटतो, तापाच्या दिवसाचा नाही. त्या दिवशी आईच घरी हवी, आणि त्या दिवसाचे पैसे तिला मिळायला हवेत. बचतगटांनी आपसात फंड काढावा असं सुचवणारे भेटतात. हिशेब करू. दहा बायांनी दरमहा वीस रुपये टाकले तर वर्षाचे २,४०० होतात. दहा पोरांचे चोवीस-चोवीस दिवस धरले तर दिवस होतात २४०. दिवसाला दहा रुपये! गरिबाने गरिबाचा विमा उतरवला की एवढंच निघतं. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींना दीड हजार सुरू झाले, त्याची आम्ही टिंगल करणार नाही. त्यातून दवाखान्याची फी भरणाऱ्या आया आम्हाला माहीत आहेत. पण ती फी झाली, बुडालेल्या दिवसाचं काय? ज्या सरकारने आमच्या मागणीशिवाय २६ आठवड्यांचा आणि १८० दिवसांचा अर्थ समजून घेतला, त्याला तीन वर्षांखालच्या पोराच्या आईला, मग ती शिंपीण असो की शेवळंवाली, वर्षाला चोवीस दिवसांची किमान मजुरी देणं समजायला अवघड जाऊ नये. आशाताईंनी नोंद करावी, गटाच्या खात्यात रक्कम यावी. तीन वर्षांखालच्या पोरांसाठी अंगणवाडीला जोडून खोली आणि स्वतंत्र पगाराची बाई हवी. आधीच वाकलेल्या सेविकेच्या पाठीवर हेही ओझं टाकायचं नाही.

सरकारकडे मागणी लिहून देऊ तेव्हा देऊ. दरम्यान शहापूर-मुरबाडच्या मोहल्ल्यांतल्या जमातखान्यांकडे आमचं काम आहे. लग्नाची डेगं आणि सतरंज्या ठेवलेली मोठी खोली, बाहेर नळ, वर पंखा, आणि सकाळी नऊ ते दुपारी दोनपर्यंत तिथे कुणी नसतं. दहा-बारा पोरं आणि दोन बाया एवढ्या जागेत सहज राहतील. त्या दोघींचा पगार जमातीच्या फंडातून निघू शकतो, दरवर्षीच्या रोषणाईपेक्षा तो फार जास्त होत नाही. किल्ली ट्रस्टींकडे असते. येत्या शाळेच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा जणी ती मागायला जाणार आहोत, आणि जाताना पाचवी ते सातवीच्या हजेरीपटाच्या झेरॉक्स सोबत नेणार आहोत.